शियान म्हणजे अमर? चिनी कल्टिव्हेशन कथा आणि गेममधल्या अमरत्वाच्या पायऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिनी कल्टिव्हेशन कादंबऱ्या (साधनेने पायरीपायरीने सामर्थ्य आणि आयुष्य वाढवणाऱ्या साधकांच्या कथा), त्यांवरच्या अॅनिमेशन मालिका आणि गेम यांमध्ये 'इम्मॉर्टल' हा शब्द इतक्या ठिकाणी आणि इतक्या अर्थांनी येतो की जुना वाचकही गोंधळतो. हे पान त्या एका शब्दाभोवती, त्यामागच्या मूळ चिनी 'शियान'भोवती, फिरतं: अमरत्व नेमकं कोणत्या पायरीवर मिळतं, त्यात काय मिळतं, काय मिळत नाही आणि कुठे फसतं.

'इम्मॉर्टल' झालेलं पात्र दहा प्रकरणांनी मारलं जातं. ही लेखकाची चूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. आपण मराठीत 'अजरामर' एका दमात म्हणून टाकतो, पण त्यात दोन वेगळे शब्द आहेत. अजर म्हणजे ज्याला जरा, म्हणजे म्हातारपण, नाही तो. अमर म्हणजे ज्याला मरणच नाही तो. कल्टिव्हेशन कथांमध्ये या दोन गोष्टींच्या पायऱ्या निराळ्या असतात. शियान झालेला साधक साधारणपणे अजर असतो. वयाने तो जात नाही, तलवारीने जाऊ शकतो. अमर होणं बरंच पुढचं काम आहे आणि कित्येक कथांमध्ये ते कुणालाच साधत नाही.

म्हणून नवी कथा हातात घेतली की प्रत्येक पायरीला तीन प्रश्न विचारावेत. वयाने मरतो का? घावाने मरतो का? देह गेल्यावर मागे काय उरतं आणि त्यातून तो पुन्हा उभा राहतो का? तिन्हींची उत्तरं मिळाली की ती पायरी समजली, मग तिचं नाव काहीही असो.

आपल्याकडचा अश्वत्थामा हे याचं उलटं टोक आहे. तो मरत नाही, पण जखम वाहतेच आहे आणि सामर्थ्य काही वाढत नाही. असं अमरत्व कल्टिव्हेशनच्या शिडीवर कुठेच बसत नाही. तिथे आयुष्य वाढतं ते सामर्थ्य वाढल्यामुळे.

'शियान' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

आज हे चिनी अक्षर 'माणूस' आणि 'डोंगर' या दोन खुणांचं मिळून लिहितात: डोंगरातला माणूस. त्याच्या जुन्या रूपात माणसाच्या शेजारी वर उचललं जाण्याची, स्थलांतराची खूण होती. दोन्हींमध्ये 'मरत नाही' असं कुठेच म्हटलेलं नाही. जगाच्या रहाटगाडग्यातून बाहेर पडलेला, हलका झालेला, वर गेलेला माणूस एवढाच अर्थ. इंग्रजी अनुवादात त्याचं 'इम्मॉर्टल' झालं आणि ते रूढ झालं, म्हणून वरचा गोंधळ.

मग अनुवादात वेगवेगळे चिनी शब्द एकाच इंग्रजी शब्दाखाली येतात का?

हो, आणि मशीनने केलेल्या अनुवादात तर सर्रास. नेहमी भेटणारे सहा असे:

छांगशंग म्हणजे दीर्घायुष्य. बूलाओ म्हणजे म्हातारं न होणं, आपलं अजर. बूस्स म्हणजे न मरणं. मारलं तरी पुन्हा जुळून येणाऱ्या शरीरासाठी तो बऱ्याचदा वापरतात. बूश्यू म्हणजे न कुजणारा, अक्षय. योंगशंग म्हणजे सार्वकालिक जीवन, आणि ते बहुधा कथेचं अंतिम ध्येय असतं. सहावा शियान, आणि तो गुण नसून पद आहे. 'अमर देह', 'अमर मार्ग' आणि 'अमर सम्राट' हे तीन शब्द एका पानावर दिसले, तर त्यांच्या मागे तीन वेगळे मूळ शब्द असण्याची शक्यता मोठी. एखादं वाक्य कथेच्या नियमाशी जुळत नसेल, तर आधी अनुवादावर संशय घ्या.

शियानपर्यंतच्या पायऱ्या कोणत्या आणि प्रत्येकीला आयुष्य किती?

कथेगणिक फरक पडतो, पण सगळ्यात जास्त चालणारी मांडणी अशी आहे. ल्यानछी (छी, म्हणजे प्राण, आटवणे): शंभर-सव्वाशे वर्षं, म्हणजे धडधाकट माणसाइतकंच. झूजी (पाया घालणे): दोनशेच्या आसपास. जिनदान (सुवर्णगुटिका): सुमारे ५००. युआनयिंग (आद्य अर्भक): १००० किंवा थोडं जास्त. ह्वाशन (शन, म्हणजे चैतन्य, यात रूपांतर): सुमारे २०००. पुढे ल्यानश्यू, हअती, दाचंग आणि दूज्ये (आकाशातून कोसळणारी आपत्ती पार करणे). इथले आकडे लेखकागणिक इतके बदलतात की एक संख्या सांगण्यात अर्थ नाही. दूज्ये पार पडलं की फेइशंग, म्हणजे ऊर्ध्वगमन, आणि मग शियान.

प्रत्येक पायरीत आरंभ, मध्य, उत्तर आणि परिपूर्णता असे उपटप्पे असतात. ल्यानछी मात्र थरांनी मोजतात. कुठे ९ थर, तर २००८ साली सुरू झालेल्या वांग यू यांच्या 'फानरन श्यूशियान च्वान' या गाजलेल्या कादंबरीत १३.

एक सावधगिरी. दाचंग आधी की दूज्ये आधी, यावर सगळ्या कथांचं एकमत नाही. त्यामुळे 'ह्या कथेतला दाचंग त्या कथेतल्या दूज्येला हरवेल का' हा वाद नुसत्या पायरीच्या नावावरून सुटत नाही.

ही नावं लेखकांनी रचलेली आहेत का?

थोडी रचलेली, बरीचशी उचललेली. दाव (ताओ) पंथात नेइदान, म्हणजे शरीराच्या आतली किमया, नावाची साधना आहे. तिचं सूत्र सांगतं: जिंग आटवून छी करा, छी आटवून शन करा, शन आटवून शून्याकडे परत न्या, शून्य आटवून दावशी एक व्हा. जिंग म्हणजे शरीराचं सत्त्व, छी म्हणजे प्राण, शन म्हणजे चैतन्य. ल्यानछी, ह्वाशन, ल्यानश्यू ही नावं या सूत्राचेच तुकडे आहेत. 'आटवणे' असं म्हणायचं कारण, मूळ 'ल्यान' या अक्षरात अग्नीची खूण आहे: भट्टीवर धातू शुद्ध करतात तसं.

झूजी हाही साधनेतलाच शब्द. शंभर दिवसांचा पाया, दहा महिन्यांचा गर्भ, तीन वर्षं स्तनपान आणि नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बैठक असा क्रम तिथे सांगतात. कादंबरीतलं युआनयिंग, म्हणजे पोटाच्या खालच्या भागातल्या दानत्येन नावाच्या ऊर्जाकेंद्रात बसलेलं साधकाचंच इवलंसं रूप, या गर्भाच्या कल्पनेतून आलं.

दोन नावं तर भारतातून गेलेली आहेत. दाचंग हे 'महायान'चं चिनी भाषांतर. दूज्येमधला 'ज्ये' हा 'ज्येबो'चा संक्षेप आणि ज्येबो म्हणजे आपला संस्कृत 'कल्प'. कल्पाच्या शेवटी होणारा विनाश, त्यावरून अटळ संकट, आणि त्यावरून साधकावर कोसळणारी वीज, असा त्या शब्दाचा प्रवास झाला.

आयुष्य 'शिल्लक' कसं मोजतात? गोळ्यांनी वाढवता येतं का?

उरलेल्या आयुष्याला शोयुआन म्हणतात. ते खात्यातल्या रकमेसारखं समजा. पायरी चढली की मोठी भर पडते. निषिद्ध मंत्र वापरला, जिंगचं रक्त जाळलं किंवा भविष्य वाचलं की वजावट होते. आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्या असतात, पण चांगल्या लेखकांच्या कथांमध्ये एका प्रकारची गोळी एकदाच पूर्ण लागू पडते, पुढे तिचा गुण घटतो. ही मर्यादा नसेल तर श्रीमंत घराण्यांना पायरी चढायची गरजच उरणार नाही आणि कथेचा ताण संपेल. म्हणून गोळीचा नियम सांगितलेला नसेल, तर ती त्या जगातली भेग समजा.

या हिशोबामुळे काही पात्रांचं वागणं उलगडतं. ४८० वर्षांचा जिनदान साधक आणि १५० वर्षांचा जिनदान साधक बळाने सारखे असतील, पण पहिल्याकडे गमावण्यासारखं फार थोडं उरलेलं आहे. तो धोकादायक गुहेत शिरेल, शिष्याचा देह बळकावू पाहील, शत्रूशी तह करील. म्हातारा साधक दिसला की आधी त्याची शिल्लक बघा.

पायरी चढताना नेमकं काय बिघडतं?

चार गोष्टी, आणि त्या वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडतात.

पहिली लिंगगन, म्हणजे अंगातलं मूळ. पंचतत्त्वांपैकी एकच तत्त्व असेल तर वेग सर्वांत जास्त. चार-पाच एकत्र असतील तर शोषलेली छी वाटली जाते आणि तेवढाच थर चढायला कित्येक पट वेळ लागतो. यात स्फोट होत नाही, नुसतं वय निघून जातं. बहुतेक ल्यानछी साधक याच कारणाने संपतात.

दुसरी पायाची घनता. घाईने, गोळ्यांवर गोळ्या खाऊन चढलेल्याची छी पातळ राहते. पुढची पायरी लागते, पण जिनदान खालच्या दर्जाचं बनतं आणि युआनयिंगच्या वेळी ते फुटून त्यातून अर्भक घडत नाही. चूक झाल्यानंतर शंभर वर्षांनी कळते, म्हणून ही सगळ्यात वाईट.

तिसरी शिनमो, मनातला असुर. मोडलेली शपथ, न फेडलेलं वैर, अपराधाची बोच हे सगळं उंबरठ्यावर रूप धरून समोर उभं राहतं. ताकदीचा उपयोग होत नाही. यावर औषध म्हणजे ती गाठ आधीच सोडवून येणं. म्हणून मोठी पायरी जवळ आली की नायक जुन्या गावी जातो. ते पानं भरण्यासाठी केलेलं वळण नसतं.

चौथी छी भलत्या नाडीत शिरणं. बैठकीत कुणी व्यत्यय आणला किंवा दोन विरोधी पद्धती एकत्र केल्या की हे होतं. परिणाम म्हणजे नाड्या तुटणं, पायरी घसरणं, नाहीतर मृत्यू. साधक गुहा बंद करून, संरक्षक व्यूह रचून बसतात ते यासाठी.

दूज्येची वीज का पडते? आकाशाला एवढा राग कसला?

प्रचलित स्पष्टीकरण असं: साधक हा निसर्गक्रमाच्या उलट जाणारा. त्याने आपल्या वाट्याची छी आणि वर्षं यापेक्षा जास्त घेतलं, आता हिशोब होणार. दुसरं स्पष्टीकरण सौम्य आहे. वीज देहातला मळ जाळते, तिच्याशिवाय शियानचा देह घडतच नाही. कथेने यातलं कोणतं घेतलं ते पाहा, कारण त्यावर ठरतं की दुसऱ्याची मदत चालते का. शिक्षा असेल तर मदतनीसही त्यात ओढला जातो आणि वीज दुप्पट होते. शुद्धी असेल तर मदत घेणाऱ्याचा देह अर्धवट राहतो.

संख्या नऊच्या पटीत येतात: चार-नऊ, सहा-नऊ, नऊ-नऊ. बऱ्याच कथांमध्ये हा थेट गुणाकार असतो, म्हणजे ३६, ५४ आणि ८१ विजा. शेवटच्या काही विजांसाठी ताकद राखून ठेवणं हे तिथलं मुख्य कौशल्य. पहिल्या विजा देहावर झेलायच्या, मधल्या व्यूहावर, आणि सर्वांत चांगलं शस्त्र शेवटच्या तीनांसाठी. ज्याने पहिल्याच फेरीत सगळं वापरलं तो गेला.

या कल्पनेचं एक जुनं रूप 'पश्चिमेची यात्रा' या मिंगकालीन कादंबरीत आहे. तिचा वानर नायक सुन वुकोंग याला त्याचे गुरू सांगतात की दीर्घायुष्य मिळवलंस तरी ५०० वर्षांनी वीज येईल, त्यानंतर ५०० वर्षांनी आतून पेटणारी आग, आणखी ५०० वर्षांनी देह विरवून टाकणारा वारा. त्यापासून वाचायला तो ७२ रूपांतरं शिकतो. म्हणजे त्याची गाजलेली विद्या मुळात आपत्तीतून निसटण्यासाठी आहे.

दूज्येमध्ये हरलं की संपलं?

देह जळाला आणि युआनयिंग वाचलं तर दोन वाटा असतात. एक सानशियान, म्हणजे पद नसलेला मोकळा शियान. तो विजेत वाचलेल्या रूपातच साधना करतो, पण एका प्रचलित मांडणीत त्याच्यावर दर हजार वर्षांनी पुन्हा आपत्ती येते आणि दर वेळी वाढत जाते. बळ मोठं, शेवट जवळपास ठरलेला. वरच्या लोकात त्याला जागा नसते, म्हणून खालच्या जगात तो सर्वांवर भारी पडतो.

दुसरी वाट द्वोशअ, दुसऱ्याचा देह बळकावणं. याला कडक नियम लागतात. 'फानरन'मधले तीन पक्के आहेत: साधना नसलेल्या सामान्य माणसाचा देह घेता येत नाही, तो कोसळतो, घेणाऱ्याची पायरी समोरच्यापेक्षा वर हवी, आणि आयुष्यात हे एकदाच करता येतं. हे तीन नियम नसते तर प्रत्येक म्हातारा साधक दर शंभर वर्षांनी देह बदलत राहिला असता आणि शोयुआनला काही किंमत उरली नसती.

फेइशंग झाल्यावर सर्वांत बलवान नायक अचानक सर्वांत दुबळा का होतो?

कारण त्याच्या अंगात अजून खालच्या जगाची छी आहे. वरच्या लोकातली ऊर्जा दाट असते आणि देहातली जुनी ऊर्जा थेंब थेंब बदलावी लागते. तोवर तो उडूही शकत नाही, अशा कथा पुष्कळ आहेत. शिवाय तिथे जन्मलेलं मूलही दाट ऊर्जेत वाढलेलं असतं. पैशाचंही तेच. लिंगशी नावाच्या ऊर्जाशिळांचा नेहमीचा दर १०० खालच्या प्रतीच्या बरोबर १ मध्यम, १०० मध्यम बरोबर १ वरची प्रत असा असतो. वर गेल्यावर ही सगळी पुंजी चिल्लर ठरते.

आमच्या मते बहुतेक लांबलचक कादंबऱ्या इथेच घसरतात. लेखक खालची शिडी नवी नावं देऊन पुन्हा चढायला लावतो, पण वय हा धोका गेलेला असतो आणि त्याच्या जागी नवा धोका आणलेला नसतो.

शियानच्या वर काय असतं?

आदिजगाच्या, म्हणजे होंगह्वांग प्रकारच्या कथांमध्ये साधारण क्रम असा: दीशियान, त्येनशियान, जनशियान, श्वानशियान, जिनशियान, ताइयी, दालुओ, अर्ध-महर्षी आणि महर्षी. सुरुवातीचे तीन प्रश्न इथे लावून पाहा. त्येनशियान अजर असतो. जिनशियान अक्षय मानला जातो, जग मोडलं तरी तो टिकतो. दालुओ काळाच्याही बाहेर: भूत, वर्तमान, भविष्य या तिन्हींतली त्याची रूपं एक झालेली असतात, त्यामुळे भूतकाळात जाऊन त्याला बालपणी मारता येत नाही. 'अमर' हा शब्द पूर्ण अर्थाने खरा ठरतो तो इथे.

खालच्या शियानांना मात्र ऱ्हास चुकत नाही. यासाठी कथा बौद्ध परंपरेतली देवांच्या ऱ्हासाची पाच लक्षणं वापरतात: माळा कोमेजतात, वस्त्रं मळतात, काखेत घाम येतो, अंगाला दुर्गंधी येते, स्वतःच्या आसनावर मन लागत नाही. भारतातल्या अभिधर्म ग्रंथांमधली ही यादी चिनी कादंबरीत आपत्तीचा प्रकार होऊन बसली आहे.

देव आणि शियान एकच का?

नाही. शियान हे पद साधनेने मिळतं, देवपद नेमणुकीने. 'फंगशन येनयी' या जुन्या कादंबरीत युद्धात मेलेल्यांचे आत्मे ३६५ देवपदांवर नेमले जातात आणि साधक त्या यादीत नाव येऊ नये म्हणून धडपडतात. देवाला नोकरी असते, शियानला मोकळीक.

खऱ्या दाव परंपरेत शियानच्या पायऱ्या होत्या का? गोळ्या खरंच खात होते का?

होत्या. चौथ्या शतकातल्या गअ होंग यांनी 'बाओपूज्ज' ग्रंथात तीन प्रती दिल्या आहेत: देहासकट आकाशात जाणारा, प्रसिद्ध पर्वतांवर फिरणारा, आणि आधी मरून मग सिकाडा कीटकाने कात टाकावी तसा देह टाकून जाणारा. नंतरच्या परंपरेत पाच प्रती झाल्या.

गोळ्याही खात असत आणि त्यात सिंगरफ, म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग, मुख्य असे. थांग सम्राट वूझोंग ८४६ साली अशाच गोळ्यांच्या सेवनानंतर वारला. पारा विषारी आहे. कथेतली कृती कथेतच ठेवावी, हे तरुण वाचकांना स्पष्ट सांगायला हवं.

गेममध्ये हे कसं दिसतं?

२०२१ च्या जानेवारीत अर्ली अॅक्सेसमध्ये आलेल्या 'टेल ऑफ इम्मॉर्टल'मध्ये १० पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीत आरंभ, मध्य, उत्तर असे तीन टप्पे. शेवटच्या दोन पायऱ्यांची मूळ नावं यूह्वा (पिसं फुटणं) आणि डंगशियान (शियानपदी चढणं) अशी आहेत. एका जुन्या चिनी शब्दप्रयोगाचे ते दोन तुकडे. इथे महिने सरतात आणि वय खर्च होतं, त्यामुळे प्रत्येक गावात रेंगाळणं परवडत नाही. पाया घालताना मानव, पृथ्वी आणि स्वर्ग अशा प्रती असतात. पहिल्या खेळात नवा खेळाडू हाती येईल ती प्रत घेऊन पुढे जातो आणि उत्तरार्धात कमी पडतो.

'अमेझिंग कल्टिव्हेशन सिम्युलेटर'मध्ये जिनदानाचे ९ दर्जे आहेत, पहिला सर्वोत्तम. तिथे बसण्याच्या खोलीची मांडणी मोजली जाते. पंचतत्त्वांचा पोषक क्रम पाठ करा: लाकूड अग्नीला, अग्नी मातीला, माती धातूला, धातू पाण्याला, पाणी लाकडाला पोसतं. शिष्याची पद्धत अग्नीची असेल तर भोवती लाकडाच्या वस्तू हव्यात, पाण्याच्या नकोत. नवख्यांची चूक एकच: अट पूर्ण झाली की लगेच जिनदान करायला बसवतात. मन अस्वस्थ, खोली चुकीची, दर्जा खालचा, आणि तो शिष्य कायमचा तिथेच अडकतो.

स्वतः अशी कथा लिहायची आहे. आयुष्याचे आकडे कसे ठरवू?

आधी शिरगणती करा. समजा, एक पंथ दर १० वर्षांनी १०० मुलं घेतो. शंभरात एक जिनदानला पोचतो, तोही वयाच्या शंभराव्या वर्षी, आणि ५०० पर्यंत जगतो. म्हणजे दर १० वर्षांना एक, ४०० वर्षं टिकणारा. एका वेळी पंथात सुमारे ४० जिनदान. त्यांतल्या वीसात एक युआनयिंग होतो असं धरलं, तर दर २०० वर्षांना एक. तो चारशेव्या वर्षी चढला आणि १००० पर्यंत जगला तर ६०० वर्षं टिकतो. म्हणजे एका वेळी तिघे. कादंबऱ्यांतल्या मध्यम पंथात 'तीन आदिवृद्ध' का असतात ते इथे दिसतं.

आता युआनयिंगला अजर करून पाहा. दहा हजार वर्षांत ५० जण साठतात आणि कुणी जात नाही. नव्या नायकाला जागाच उरत नाही. हा साठा रिकामा करण्यासाठी कथेला दूज्ये आणि फेइशंग लागतात. तुमच्या जगात त्या दोन्ही नसतील तर म्हातारे कुठे जातात याचं उत्तर आधी लिहून ठेवा.

मराठीत 'शियान'साठी कोणता शब्द वापरावा?

'अमर' टाळा. 'चिरंजीव' चुकीचा नाही, पण लग्नपत्रिकेतला 'चि.' डोळ्यांसमोर येतो आणि ते वरदानाने मिळतं, साधनेने नव्हे. आम्हाला 'सिद्ध' सर्वांत जवळचा वाटतो. नाथ परंपरेमुळे देह साधणारा, सामर्थ्य कमावणारा हा अर्थ मराठी वाचकाला आधीच ठाऊक आहे. योगबळाने काळाला परतवत चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांची आख्यायिका ऐकलेल्या वाचकाला शोयुआन वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मात्र दीशियान, सानशियान असे जोडशब्द आले की मूळ नाव ठेवून पहिल्यांदा एकदाच अर्थ द्या. 'भूसिद्ध', 'मुक्तसिद्ध' असे शब्द दर ओळीला आले की वाचन अडखळतं.